हिरव्या डबीतला खरा फरक

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गिटारच्या पेडलांमध्ये एक हिरवी डबी हमखास असते. तळहातावर मावेल एवढी, वर तीन नॉब, खाली पायाने दाबायचं बटण, आत नऊ व्होल्टची बॅटरी. आयबानेझ ट्यूब स्क्रीमर हे तिचं नाव. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये तयार झालेलं हे पेडल आजही बनतं, आणि मधल्या काळात त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या: टीएस-८०८, टीएस-९, टीएस-१०, टीएस-५, टीएस-७, टीएस-९डीएक्स आणि आणखी काही. पुण्यातल्या कॉलेजातली मुलं ती घेऊन येतात तेव्हा जॅक ढिला झालाय किंवा नॉब खरखरतोय ही तक्रार नंतर येते. आधी प्रश्न येतो, "काका, हे नऊ आहे. याचं आठशेआठ करून द्याल का?"

करून देता येतं. त्याला लागणारे सुटे भाग तापकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतात. पण सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवण्याआधी मी मुलांना समोर बसवतो आणि आत नेमकं काय आहे, काय बदलेल आणि काय बदलणार नाही, हे सांगतो. जुन्या टीएस-८०८साठी लोक नव्याच्या कित्येक पट पैसे मोजतात. ते मोजण्याआधी हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी आयुष्यात गिटार हातात धरलेली नाही त्यांनाही यातली गंमत कळेल, कारण मुद्दा एका पेडलापुरता नाही. वस्तूच्या नावात किती असतं आणि वस्तूत किती असतं, हे इथे मोजून पाहता येतं.

आवाज फाटतो तेव्हा

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. तार थरथरली की त्या गुंडाळीत अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती वाढवून स्पीकरला देण्याचं काम ॲम्प्लिफायरचं. १९५० आणि ६०च्या दशकांतले ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हवर चालत. आपल्याकडच्या जुन्या रेडिओत लालसर उजेड देणाऱ्या काचेच्या नळ्या असत, त्याच जातीचे. त्यांचा आवाज पूर्ण वाढवला की व्हॉल्व्हची ताकद संपते. लहरीचा माथा जिथे आणखी उंच जायला हवा तिथे तो सपाट होतो आणि आवाज फाटतो. गायकाचा मायक्रोफोन असा फाटला तर आपण कानांवर हात ठेवू, पण गिटारवर हाच फाटलेला आवाज भरदार लागतो. त्यात मूळ सुराचे वरचे स्वरांश मिसळतात, सूर जास्त वेळ टिकतो, आणि बोटांचा जोर कमी-जास्त केला तसं फाटणंही कमी-जास्त होतं.

अडचण अशी की व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर फाटेपर्यंत वाढवला तर अख्खी सोसायटी जागी होते. हलक्या आवाजात तोच परिणाम मिळावा म्हणून ओव्हरड्राइव्ह पेडलं आली. बॉस कंपनीचं ओडी-१ हे १९७७ साली आलं. त्यानंतर दोनेक वर्षांत ट्यूब स्क्रीमर आलं. नागोयाची होशिनो गाक्की ही कंपनी आयबानेझ या नावाने वाद्यं विकते, पण त्या काळात तिच्यासाठी पेडलं बनवत होती निशिन ओंपा ही दुसरी जपानी कंपनी. तिच्या स्वतःच्या नाममुद्रेचं नाव मॅक्सन. म्हणूनच मॅक्सनचं ओडी-८०८ हे ट्यूब स्क्रीमरचं सख्खं भावंड आहे. सर्किट आखणाऱ्या इंजिनिअरचं नाव सुसुमु तामुरा. लाखो गिटारवाल्यांनी ज्याच्या कामावर पाय ठेवला त्या माणसाचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून मी ते प्रत्येक मुलाला आवर्जून सांगतो.

झाकण उघडल्यावर

तळाचे चार स्क्रू काढले की एक छोटा हिरवट-तपकिरी बोर्ड दिसतो. त्यावर आठ पायांची एक काळी आयसी असते. या एका आयसीत दोन ॲम्प्लिफायर असतात. पहिला आवाज फाडतो, दुसरा टोन सांभाळतो. आयसीच्या आधी एक ट्रान्झिस्टर गिटारचा सिग्नल उचलून घेतो आणि शेवटी दुसरा ट्रान्झिस्टर तो बाहेर ढकलतो.

सगळी करामत पहिल्या ॲम्प्लिफायरभोवती आहे. त्याच्या बाहेर पडणाऱ्या टोकापासून परत आत येणाऱ्या वाटेवर सिलिकॉनचे दोन छोटे डायोड उलटसुलट दिशेने जोडलेले असतात. सिग्नल साधारण ०.६ व्होल्टच्या आत असेपर्यंत ते झोपलेले असतात. सिग्नल त्यापुढे गेला की ते वाहू लागतात आणि ॲम्प्लिफायरची वाढवण्याची ताकद तेवढ्या क्षणापुरती खाली आणतात. धरण भरल्यावर सांडव्यावरून पाणी निघून जातं आणि पातळी फारशी वाढत नाही, तसंच हे. लहरीचा माथा एकदम कापला जात नाही, हळूहळू वाकतो. म्हणून आवाज फाटला तरी कर्कश होत नाही.

या रचनेत आणखी एक सुंदर गोष्ट आहे. डायोड पूर्ण वाहू लागले तरी या ॲम्प्लिफायरची पटी एकच्या खाली जाऊच शकत नाही. म्हणजे गिटारचा मूळ स्वच्छ सिग्नल फाटलेल्या सिग्नलमध्ये कायम मिसळलेला राहतो. तीन-चार तारांचा कॉर्ड वाजवला तरी त्यातले सूर वेगवेगळे ऐकू येतात, ते यामुळेच.

आता आकडे पाहू, कारण पुढचा सगळा वाद आकड्यांनीच सुटतो. ड्राइव्हचा नॉब ५०० किलोओहमचा, त्याच्या जोडीला ५१ किलोओहमचा रेझिस्टर, आणि जमिनीकडे जाणाऱ्या वाटेवर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. नॉब पूर्ण मागे असेल तर सिग्नल सुमारे १२ पट वाढतो आणि पूर्ण पुढे असेल तर सुमारे ११८ पट. त्या ४.७ किलोओहमच्या मागे ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर बसवलेला आहे. या जोडीमुळे ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी-कमी वाढतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. ड्राइव्ह पूर्ण असताना हा सूर जेमतेम १३-१४ पट वाढतो, तर १००० हर्ट्झचा सूर ९५ पटीच्या आसपास. म्हणजे खर्ज बराच कमी फाटतो आणि मधली पट्टी मनसोक्त फाटते. पुढे टोनच्या भागात १ किलोओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडची जोडी असते. ती पुन्हा ७२० हर्ट्झच्याच आसपासपासून वरचे तीक्ष्ण स्वर उतरवते. खालून कापलं, वरून उतरवलं, आणि मधे एक उंचवटा राहिला. हा उंचवटा म्हणजेच ट्यूब स्क्रीमरचा आवाज. गाण्यात बेस गिटार आणि ड्रम खर्ज भरतात, झांजा वरची बाजू भरतात, आणि गिटारला ऐकू यायला मधली पट्टीच मोकळी असते. तामुरांनी ती नेमकी हेरली.

आठशेआठ आणि नऊ

टीएस-८०८ साधारण १९७९ ते १९८१ या काळात बनलं. १९८२ साली टीएस-९ आलं. बाहेरून फरक चटकन दिसतो: ८०८चं बटण लहान चौकोनी आहे, ९ला पुढचा अर्धा भाग व्यापणारी रुंद पाती आहे. आतला फरक मात्र शोधावा लागतो, कारण वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट, डायोडची जागा, ५१, ४.७, ०.०४७, ०.२२ हे सगळे आकडे, दोन्हींत तेच आहेत.

बदलले ते बाहेर पडण्याच्या तोंडावरचे दोन रेझिस्टर. ८०८मध्ये सिग्नलच्या वाटेत १०० ओहमचा एक आणि जमिनीकडे १० किलोओहमचा दुसरा. ९मध्ये त्यांच्याच जागी ४७० ओहम आणि १०० किलोओहम. मुलं 'नऊचं आठशेआठ कर' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हे दोन रेझिस्टर बदलायचे असतात.

त्याने किती फरक पडतो ते कागदावर काढता येतं. नेहमीच्या ॲम्प्लिफायरच्या तोंडाचा रोध १ मेगाओहम असतो, म्हणजे तो पेडलाकडून जवळजवळ काहीच ओढत नाही. मग ८०८च्या दोन रेझिस्टरांमधून सिग्नलचा ९९ टक्के भाग पुढे जातो आणि ९च्या दोघांमधून साडेनव्व्याण्णव. डेसिबलमध्ये मांडलं तर दोघांतला फरक ०.०५च्या आसपास. चांगल्या कानालाही अर्धा-एक डेसिबलच्या खालचा फरक पकडणं कठीण जातं. केबलमुळे वरचे स्वर कमी होत असतील म्हणावं, तर ४७० ओहमला नेहमीच्या लांबीच्या केबलशी जोडून जी मर्यादा येते ती काही लाख हर्ट्झवर असते. माणसाचा कान २० हजारांवर थांबतो.

याला एक खरा अपवाद आहे आणि तो सांगायलाच हवा. पेडलाच्या पुढे थेट ॲम्प्लिफायर नसून जुन्या धाटणीचं फझ पेडल असेल, तर त्याच्या तोंडाचा रोध फक्त काही हजार ओहम असतो. तिथे १०० आणि ४७० ओहम यांतला फरक जाणवू शकतो. पण अशी मांडणी करणारे थोडेच. बाकीच्यांसाठी या दोन रेझिस्टरांवर जी कीर्ती चढली आहे, तिला आकड्यांचा आधार मिळत नाही.

आयसीचा महिमा

दुसरी लढाई आयसीवरून. जुन्या ८०८मध्ये बहुधा जेआरसी-४५५८डी ही आयसी आढळते. टीएस-९च्या बऱ्याच तुकड्यांत तोशिबाची टीए-७५५५८ बसवलेली असे. तेव्हा जी आयसी बाजारात उपलब्ध होती ती कारखान्याने वापरली. पुढे ४५५८डीला इतकी मागणी आली की दुसऱ्याच आयसीवर तिचा छापा मारून ती विकणारे लोक निघाले. मुलं अशा आयसी पाकिटात जपून घेऊन येतात आणि मला ते पाहून वाईट वाटतं, कारण त्या पैशात त्यांना चांगली केबल घेता आली असती.

या सर्किटमध्ये आयसीवर फारसा ताण येतच नाही. ड्राइव्ह पूर्ण ठेवून ११८ पट वाढवतानाही ४५५८ सुमारे २५ हजार हर्ट्झपर्यंत पोहोचते. त्याच वेळी डायोडच्या शेजारी बसवलेला ५१ पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर साडेपाच हजार हर्ट्झच्या वर आवाज उतरवायला लागलेला असतो. म्हणजे आवाजाची वरची हद्द आयसी ठरवत नाही, तो एक बारीकसा कपॅसिटर ठरवतो. फाटण्याचा ढंग डायोड ठरवतात. आयसी इमानाने काम करते आणि बाजूला राहते.

टेबलावरची परीक्षा

गेल्या पावसाळ्यात असाच एक मुलगा आला होता. त्याच्याकडे स्वतःचं टीएस-९ होतं आणि मित्राकडून मागून आणलेलं नवं टीएस-८०८, २००४ साली पुन्हा निघायला लागलं त्या मालिकेतलं. "काका, दोन्ही ऐका, आठशेआठ किती गोड आहे," तो म्हणाला. दोन्हींचे नॉब त्याने बारा वाजता ठेवले. वाजवलं. खरंच, ८०८ जास्त भरीव वाटत होतं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग मी त्याच्या गिटारची एक छोटी ओळ पेडलाशिवाय रेकॉर्ड करून घेतली, म्हणजे दोन्ही पेडलांना अगदी तीच बोटं आणि तोच जोर मिळावा. १००० हर्ट्झचा अगदी बारीक सिग्नल दिला, डायोड जागे होणार नाहीत इतपत. ऑसिलोस्कोपवर पाहत ९चा ड्राइव्ह नॉब हलवला, दोन्हींची पटी सारखी होईपर्यंत. त्यासाठी नॉब बारावरून दीडच्या जवळ न्यावा लागला. टोनचंही तसंच केलं. शेवटी मीटर लावून दोघांचा आवाज बरोबरीला आणला. हे सर्वांत महत्त्वाचं, कारण दोन आवाजांतला थोडा मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो आणि आपण त्याचं श्रेय भलत्याच गोष्टीला देतो.

मग त्याला पाठ करून बसवलं आणि ओळ आलटून पालटून ऐकवली. आधी तो ठामपणे सांगत होता, नंतर थांबून थांबून, आणि शेवटी म्हणाला, "काका, आता नाही कळत." त्यानंतर त्याला न सांगता एका पेडलाचा ड्राइव्ह मी किंचित वाढवला. त्याने तत्काळ मान वर केली. "हे वेगळं आहे!" त्याचा कान उत्तम होता. तो ऐकत होता तो फरकही खरा होता, फक्त तो नॉबच्या जागेत होता.

तरीही त्याने दोन रेझिस्टर बदलून मागितले आणि मी ते बदलून दिले. पेडल त्याचं, पैसे त्याचे, आणि स्वतः तपासून पाहण्याची इच्छा तर फार चांगली. बदलण्याआधी आणि नंतर स्कोपवरची लहर त्याने स्वतःच्या फोनमध्ये टिपून घेतली. एकावर एक ठेवून पाहिल्या तर दोन्ही तंतोतंत जुळत होत्या.

एकाच नावाची दोन पेडलं

मग सुरुवातीला बारा वाजता ठेवलेले नॉब वेगळे का वाजले? याचं उत्तर सुट्या भागांच्या मोजमापात आहे, आणि माझ्या मते हीच या सगळ्या विषयातली सर्वांत रंजक गोष्ट.

नॉबखाली जो फिरता रोध असतो, ज्याला आम्ही पॉट म्हणतो, त्याच्यावर ५०० किलोओहम छापलेलं असलं तरी प्रत्यक्षात तो २० टक्के इकडेतिकडे असणं अगदी सामान्य आहे. म्हणजे एकात ४०० निघेल, दुसऱ्यात ६००. मग एका पेडलाची पूर्ण ड्राइव्हची पटी ९७ भरते आणि दुसऱ्याची १३९. हा फरक तीन डेसिबलच्या वर जातो. ०.०४७चा कपॅसिटर दहा टक्के इकडेतिकडे असला तर ७२० हर्ट्झची हद्द ६५५ ते ८०० यांमध्ये कुठेही पडते. टोनच्या भागातले टँटलम कपॅसिटरही असेच थोडे मागेपुढे असतात.

आता तुलना करा. दोन नावांमधल्या त्या प्रसिद्ध रेझिस्टरांचा फरक ०.०५ डेसिबल. एकाच नावाच्या, कदाचित एकाच दिवशी बनलेल्या दोन पेडलांमधला फरक तीन डेसिबल. एखादं जुनं ८०८ खरोखर अप्रतिम वाजत असेल तर त्याचं कारण ते विशिष्ट ८०८ आहे. त्याचे पॉट, त्याचे कपॅसिटर, चाळीस वर्षांत त्यांच्यात झालेले बदल, सगळं मिळून ते तसं वाजतं. शेजारी ठेवलेलं दुसरं जुनं ८०८ तसंच वाजेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून जुन्या पेडलाच्या मालकाचं प्रेम मला पूर्ण समजतं, पण मॉडेलचा आकडा पाहून भाव लावणाऱ्या विक्रेत्याचं गणित मला मान्य नाही.

जिथे फरक खरोखर आहे

सगळ्याच आवृत्त्या सारख्या, असं मात्र मी म्हणणार नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या टीएस-१०मध्ये मूळ ढाचा कायम होता, पण जॅक थेट बोर्डावर बसवले होते. त्यामुळे केबलला बसलेला प्रत्येक झटका बोर्डाच्या सोल्डरवर येतो. अशी पेडलं दुरुस्तीला जास्त येतात. अमेरिकन गिटारवादक जॉन मेयर ते वापरतो हे कळल्यावर त्याची मागणी एकदम वाढली. प्लास्टिकच्या खोक्यातलं टीएस-५ स्वस्त होतं, आणि खोकं बाजूला ठेवलं तर आवाजात आपल्या मोठ्या भावंडांच्या जवळच होतं.

टीएस-९डीएक्स हे १९९८च्या सुमाराचं पेडल मात्र मुळातूनच वेगळं. त्यात चौथा नॉब आहे आणि तो फिरवला की खर्ज आणि जोर दोन्ही वाढतात. टीएस-७मध्ये 'हॉट' नावाचं एक जादा बटण आहे. टीएस-८०८एचडब्ल्यू हाताने वायरिंग केलेलं आहे आणि बंद असताना गिटारचा सिग्नल सर्किटमधून न जाता सरळ बाहेर जातो. बाकीच्या बहुतेक आवृत्त्यांत पेडल बंद असलं तरी सिग्नल आतल्या ट्रान्झिस्टरांमधूनच जातो. आणि कोर्ग कंपनीचा न्यूट्यूब नावाचा छोटा चपटा व्हॉल्व्ह बसवलेली आवृत्ती तर फाटण्याची पद्धतच बदलते. ही पेडलं निवडताना आवृत्तीचा विचार जरूर करावा, कारण तिथे सर्किटच बदललेलं आहे.

पायाखाली घेतल्यावर

या पेडलाला जगभर नेणारा वादक म्हणजे टेक्सासचा स्टीव्ही रे व्हॉन. डॅलसमध्ये जन्मलेला, ऑस्टिनमध्ये नाव कमावलेला. त्याचा पहिला अल्बम 'टेक्सास फ्लड' १९८३चा, आणि १९९०मध्ये हेलिकॉप्टर अपघातात तो गेला तेव्हा तो फक्त ३५ वर्षांचा होता. एवढ्या छोट्या काळात त्याच्या पायाखाली ८०८, ९ आणि १० अशी तिन्ही येऊन गेली. नवं निघालं की तो नवं घेई. तिन्हींवर वाजणारा माणूस तोच राहिला. त्याच्या गिटारच्या तारा नेहमीपेक्षा जाड, हाताचा जोर जबर, आणि पुढे फेंडरचे ॲम्प्लिफायर. फेंडरच्या ॲम्प्लिफायरमध्ये मधल्या पट्टीला मुळातच खड्डा असतो. ट्यूब स्क्रीमरचा उंचवटा त्या खड्ड्यात अचूक बसतो. ड्राइव्ह कमी आणि आवाजाची लेव्हल भरपूर ठेवली की फाटण्याचं बरंचसं काम व्हॉल्व्हच करतात. पेडल त्यांना फक्त पुढे ढकलतं.

हीच युक्ती पुढे मेटल वाजवणाऱ्यांनी उचलली. त्यांचे ॲम्प्लिफायर आधीच भरपूर फाटणारे असतात. त्यांच्यापुढे ट्यूब स्क्रीमर ठेवायचं, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. खर्ज आधीच छाटला गेल्यामुळे जाड तारांवरचे भराभर मारलेले ठोके चिखल न होता सुटे-सुटे ऐकू येतात. ब्लूजमध्ये गाजलेलं सर्किट असं दुसऱ्याच संगीतात जाऊन रुजलं.

आपल्याकडे अडचण वेगळी असते. कार्यक्रमाला भाड्याने येणारा ॲम्प्लिफायर कोणता असेल हे आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नाही, आणि बऱ्याच ऑर्केस्ट्रांत गिटार थेट मिक्सरला जोडतात. मिक्सरला थेट जोडलेलं ओव्हरड्राइव्ह चिरकं लागतं, कारण गिटारचा स्पीकर साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं बरंचसं स्वतःच गाळून टाकतो आणि मिक्सरच्या वाटेवर ते गाळणारं कोणी नसतं. अशा वेळी मुलं पेडलाला दोष देतात आणि दुसरी आवृत्ती शोधू लागतात. त्यांना गरज असते ती स्पीकरचं काम करणाऱ्या छोट्या सिम्युलेटरची. तो लावला की तेच पेडल गोड वाजू लागतं.

घेताना आणि वापरताना

म्हणून मला विचाराल तर नव्या मुलाने आज दुकानात मिळणारं साधं टीएस-९ घ्यावं, किंवा त्याच सर्किटवर बनवलेलं एखादं स्वस्त भावंड घ्यावं, आणि उरलेले पैसे ॲम्प्लिफायरसाठी साठवावेत. जुनं घेणार असाल तर खोक्यावरच्या आकड्याच्या आधी चार गोष्टी तपासा. जॅकमध्ये केबल घालून हलवा, आवाज तुटता कामा नये. तिन्ही नॉब सावकाश फिरवा, खरखर ऐकू येता कामा नये. बटण सलग काही वेळा दाबा. चालू होऊन लगेच बंद होत असेल तर आतला छोटा स्विच झिजलेला आहे, तो स्वस्तात बदलता येतो. आणि झाकण उघडून बॅटरीची जागा बघा. विसरलेली बॅटरी गळून बोर्ड खाल्लेली पेडलं मी पाहिली आहेत, ती वाचवणं अवघड जातं.

अडॅप्टरची काळजी घ्या. या पेडलाला नऊ व्होल्ट लागतात आणि पिनेच्या मधल्या टोकावर निगेटिव्ह असावा लागतो. घरातल्या वायफायच्या राउटरचे किंवा सीसीटीव्हीचे अडॅप्टर बहुतेक उलटे, मधे पॉझिटिव्ह असलेले, आणि अनेकदा बारा व्होल्टचे असतात. पिन बसते म्हणून चालेल असं समजू नका. मुंबई आणि कोकणातल्या मुलांसाठी आणखी एक सांगणं: पावसाळ्यात दमट हवेने जॅकच्या आत आणि पॉटच्या कार्बनवर थर बसतो. पेडल पिशवीत सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवा आणि पावसाळा संपला की काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब पुन्हा पुन्हा फिरवून घ्या. कित्येक 'मेलेली' पेडलं एवढ्यावर जिवंत होतात.

आणि दोन पेडलांत निवड करायची वेळ आली तर नॉबच्या खुणा जुळवू नका, आवाज जुळवा. एखाद्या नामांकित वादकाचे नॉब कुठे आहेत याचा फोटो पाहून आपले तिथेच ठेवले तर हाती काही लागत नाही, कारण त्याचा पॉट आणि तुमचा पॉट वेगळा आहे. दोन्हींचा आवाज कानाला समान मोठा येईल असं करा, ड्राइव्ह फाटण्यावरून जुळवा, डोळे मिटा आणि मित्राला बदलायला सांगा. फरक कळला तर आवडेल ते घ्या, मग ते कोणत्याही सालचं असो. कळला नाही तर स्वस्तातलं घ्या आणि निर्धास्तपणे वाजवा. तामुरांनी आखलेलं सर्किट दोन्हींत सारखंच आहे, आणि ते इतकं नेटकं आहे की पंचेचाळीस वर्षांत त्याच्या मूळ आकड्यांना हात लावायची फारशी गरज कोणाला पडली नाही.